घर की बात, वेशीवरची लक्तरं आणि सहा कादंबऱ्या

(पाथरी येथे तरुण वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्ष-दीड वर्षात मी ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांतल्या सहा आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. मी समीक्षक नाही. शिकलो इंजिनिअरिंग, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्यामुळे या कादंबऱ्यांचं साहित्यातलं स्थान वगैरे मी सांगणार नाही. वाचताना मला काय झालं, कुठे थांबलो, कुठे राग आला, तेवढंच सांगतो.

या सहा कादंबऱ्या एकाच माळेत ओवायचं कारण असं, की सहाही वाचताना एकच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. तुमच्याही घरात ते असणार. आपल्या बोलीत ते असं आहे, 'घर की बात घर में'. मराठीत त्याचा भाऊ आहे, 'घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत'. म्हणजे आपण दोन भाषांतून शिकलो, आणि दोन्ही भाषांनी एकच ताकीद दिली.

ही ताकीद मूर्खपणाची नाही, हे आधीच सांगतो. ज्या घराकडे सगळी आळी रोखून बघते, त्या घरातला माणूस हळू बोलतो. आपल्यातल्या एखाद्या मुलीनं तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल दोन ओळी लिहिल्या, की संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो भलत्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. तिथे तिच्या दुःखाशी कुणाला देणंघेणं नसतं. त्यांना फक्त 'बघा, हे असेच असतात' एवढं म्हणायचं असतं. मग आपल्यातलेच वडीलधारे तिला म्हणतात, 'बेटा, कशाला लिहिलंस?' त्या वडीलधाऱ्यांची भीती खरी आहे. पण त्या मुलीचं काय? तिनं लिहावं की न लिहावं? लिहिलं तर कसं लिहावं? हा माझा आजचा प्रश्न आहे. त्याची सहा उत्तरं मला सहा लेखकांकडून मिळाली.

पहिली कादंबरी हमीद दलवाईंची 'इंधन'. 1965 साली आली. मूळ मराठीतच लिहिलेली, आकारानं छोटी. दलवाईंचं नाव घेतलं की आपल्या बैठकीत दोन तट पडतात, हे मला ठाऊक आहे. काहींसाठी ते सुधारक, काहींसाठी कौमची बदनामी करणारे. माझी दोन्ही तटांना विनंती आहे, की भांडण तासभर बाजूला ठेवा आणि कादंबरी वाचा. तारखा नीट पाहा. सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत नेला तो 18 एप्रिल 1966 ला. मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात स्थापन झालं 22 मार्च 1970 ला. 'इंधन' त्या दोन्हींच्या आधीची. म्हणजे हा माणूस मोर्चा काढण्याआधी कथा-कादंबरी लिहीत होता, आणि तीही स्वतःच्या कोकणातल्या मुलखाची.

गोष्ट सांगणारा मुंबईत राहणारा मुसलमान आहे. हृदयविकारामुळे विश्रांतीसाठी तो बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. गाव वरून शांत आहे. मुसलमान आणि कुळवाडी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत, सणावाराला एकमेकांचा मान ठेवण्याची वहिवाट आहे. पण आत जमिनीचे हिशेब आहेत, जातीचे हिशेब आहेत, आणि घरातल्या पुरुषांनी गावातल्या बायकांशी ठेवलेल्या संबंधांचे हिशेब आहेत. हे सगळं सरपणासारखं वाळत पडलेलं आहे. पुढे ते पेटतं.

दंगल झाली की ठिणगी कुणी टाकली यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. दलवाई मात्र सरपण कुणी कुणी रचून ठेवलं होतं ते दाखवत जातात, आणि त्यातल्या काही मोळ्या निवेदकाच्या स्वतःच्या घरातून आलेल्या आहेत. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर हा निवेदक कुणालाच वाचवू शकत नाही. तो शहाणा आहे, पुढारलेल्या विचारांचा आहे, त्याला सगळं कळतं, आणि त्याच्या कळण्यानं गावात काडीचाही फरक पडत नाही. ज्याला लोक उद्धट सुधारक म्हणतात, त्यानं आपल्या कादंबरीतला सुधारक इतका हतबल रंगवला आहे. हे वाचल्यावर दलवाईंबद्दलचं माझं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. पण ते मत इतकी वर्षं मी दुसऱ्यांकडून उसनं घेऊन वापरत होतो, हे कळलं.

दुसरी कादंबरी 'काला जल'. लेखक शानी, म्हणजे गुलशेर खान शानी, बस्तरमधल्या जगदलपूरचे. हीसुद्धा 1965 चीच, हिंदीतली. देवनागरीत असल्यामुळे आपल्यापैकी मराठी शाळेत शिकलेल्यांनाही वाचता येते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कित्येक घरांत एक भाऊ उर्दू शाळेत, एक बहीण मराठी शाळेत असं असतं, आणि दोघं मिळून एक पुस्तक वाचू शकत नाहीत. हिंदीतल्या या कादंबऱ्या दोघांना चालतात. उर्दूवाल्याला शब्द ओळखीचे, मराठीवाल्याला लिपी.

या कादंबरीची रचना कळली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. शबे-बरातची रात्र आहे. घरात फातिहा द्यायचा आहे. बब्बन नावाचा तरुण एकेका मेलेल्या नातेवाइकाच्या नावानं फातिहा देतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्याची गोष्ट उलगडते. आजोबा, आजी, फुफा, बहीण. नावं संपतात तेव्हा एका खानदानाच्या तीन पिढ्या आपल्यासमोर उभ्या असतात. शबे-बरातला आपल्याकडेही हलवा होतो, नावं घेतली जातात. पण त्या नावांमागची माणसं आपण कधी विचारली आहेत का? लहानपणी नानी नावांची यादी म्हणायची, तेव्हा माझं सगळं लक्ष हलव्याच्या ताटाकडे असायचं.

त्या यादीत सल्लो आपा आहे. जवान, हसरी, घराच्या चौकटीत न मावणारी मुलगी. ती मरते. कशी मरते, का मरते, यावर घरात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. 'घर की बात घर में' हे वाक्य इथे आपलं खरं काम करताना दिसतं. ज्या घरात गोष्टी बाहेर जात नाहीत, त्या घरात बहुतेक वेळा त्या आतही बोलल्या जात नाहीत. नावातच सगळं आहे. तळ्याचं पाणी वाहायचं थांबलं की काळं पडतं. बाहेरच्यांपासून लपवता लपवता आपण एकमेकांपासूनही लपवायला लागतो, हे मला या कादंबरीनं शिकवलं.

तिसरी कादंबरी कन्नडमधली. सारा अबूबकर यांची. शीर्षकाचा अर्थ 'चंद्रगिरीच्या काठावर'. चंद्रगिरी ही कासरगोडची नदी, आणि सारा मूळच्या कासरगोडच्याच. आधी 'लंकेश पत्रिके' या साप्ताहिकात ती क्रमशः आली, मग 1984 मध्ये पुस्तक झालं. 'ब्रेकिंग टाइज' या नावानं इंग्रजी अनुवाद आहे, तो मी वाचला. याच 'लंकेश पत्रिके'त बानू मुश्ताकही लिहायच्या. त्यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मशिदीत बायकांना प्रवेश असावा असं म्हटल्याबद्दल त्याच बानू मुश्ताकांवर 2000 साली बहिष्कार टाकला गेला होता. हार घालायला आपण पंचवीस वर्षं उशिरा पोचतो.

साराबाईंच्या कादंबरीत नादिरा आहे. तिचा बाप महंमद खान हट्टी माणूस आहे. त्याला जावयाकडून पैसे हवे असतात. मिळत नाहीत. त्याला अपमान वाटतो. तो मुलीला माहेरी आणून ठेवतो. तलाक घडवला जातो. नादिराला नवरा हवा आहे, नवऱ्याला नादिरा हवी आहे, मध्ये त्यांचं लहान मूल आहे. पुढे बापालाही पस्तावा होतो. पण आता परत जायचं तर वाटेत हलाला उभा आहे. एका रात्रीचं लग्न, दुसऱ्या माणसाशी. शेवट मी सांगत नाही. तो तुम्ही स्वतः वाचायला हवा.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की लोक दोन तऱ्हेनं कळवतात. एक जण लिहितो, 'तुमचं अ‍ॅप बेकार आहे.' त्याचा कुणाला काही उपयोग नसतो. दुसरा लिहितो, 'आधी हे बटण दाबलं, मग हा आकडा भरला, मग मागे आलो, आणि इथे अडकलं.' हा दुसरा माणूस आमच्यासाठी सोन्यासारखा असतो, कारण त्यानं पायऱ्या दिलेल्या असतात. त्या पायऱ्यांवरून गेलं की चूक आमच्याही डोळ्यांसमोर घडते. मग ती नाकारता येत नाही आणि दुरुस्त करता येते.

टीव्हीवरच्या चर्चा पहिल्या प्रकारच्या असतात. साराबाईंची कादंबरी दुसऱ्या प्रकारची आहे. पैशाची गरज, पुरुषाचा अहंकार, आईची भीती, मौलवीचा सल्ला, शेजाऱ्यांची कुजबुज. यातली एकही पायरी राक्षसी नाही. प्रत्येक पायरीवर आपल्या ओळखीचं कुणीतरी उभं आहे. नादिराची आई फातिमा, लहान वयात लग्न होऊन आलेली, नवऱ्यासमोर तोंड उघडू न शकणारी, ती मला माझ्या नात्यातल्या निदान तीन बायकांमध्ये दिसली. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला, 2019 मध्ये कायदाही आला. पण महंमद खानाचा हट्ट आणि फातिमाचं गप्प बसणं कोणत्याही कायद्याच्या कलमात येत नाही. ते कादंबरीतच सापडतं.

चौथी कादंबरी अब्दुल बिस्मिल्लाह यांची 'झीनी झीनी बीनी चदरिया'. 1986 ची, हिंदीतली, बनारसच्या विणकरांवरची. नाव कबीराच्या भजनावरून घेतलेलं. कबीरही विणकरच. मतीन नावाचा अन्सारी विणकर हाजीसाहेबांकडून रेशीम आणतो, घरी मागावर बनारसी साडी विणतो. साडी घेऊन गेला की हाजीसाहेब तिच्यात खोट काढतात. इथे डाग आहे, इथे धागा सुटला आहे. मजुरी कापली जाते. विणणारा मुसलमान, कापणाराही मुसलमान. दोघं एकाच मशिदीत नमाज पढतात. मतीनची बायको अलीमुन क्षयानं खंगत जाते, जे हात दुसऱ्यांच्या लग्नाचा शालू विणतात त्यांच्या घरात औषधाला पैसा नसतो.

मतीन हार मानत नाही. विणकरांची सोसायटी करून बँकेचं कर्ज काढायला निघतो. तेव्हा कळतं, की गरीब विणकरांच्या नावानं कागदोपत्री सोसायटी आधीच उभी आहे आणि फायदे बडे लोक खात आहेत. मी हे पान वाचलं तेव्हा हसू आणि राग एकदम आला. आपल्या तालुक्यातल्या कागदी संस्थांच्या गोष्टी तुम्हाला वेगळ्या सांगायला नकोत.

आपण बाहेर सांगतो की इस्लाममध्ये जात नाही. तत्त्वात ते बरोबर आहे. मग लग्नाची बोलणी सुरू झाली की सय्यद, पठाण, बागवान, अत्तार, पिंजारी, कुरेशी, अन्सारी हे शब्द कुठून बाहेर पडतात? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या सभांना यायचे. ती चळवळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून उठली, आणि आपल्यातल्या अनेकांच्या हातात असलेलं जातीचं प्रमाणपत्र ही तिचीच कमाई. तरी घरात तिच्याविषयी बोलणं नाही. माझी या कादंबरीबद्दल एक तक्रारही आहे. शेवटाकडे ती पुढच्या पिढीतल्या इक्बालवर जरा जास्तच भार टाकते, माणसांपेक्षा विचार पुढे येतो. पण मतीन आणि अलीमुन यांना मी विसरणार नाही. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कधी पाहिला असेल, तर तुम्हीही विसरणार नाही.

पाचवी कादंबरी मंजूर एहतेशाम यांची 'सूखा बरगद'. हीसुद्धा 1986 ची, भोपाळची. वयाच्या दृष्टीनं ती आपल्याला सगळ्यात जवळची आहे. घरात अब्बू वकील आहेत, मोकळ्या विचारांचे. मुलगी रशीदा गोष्ट सांगते. तिचा भाऊ सुहैल. सुरुवातीला हा सुहैल आपल्यातल्या कर्मठपणावर चिडणारा, देश सगळ्यांचा आहे यावर मनापासून विश्वास ठेवणारा पोरगा आहे. मग वर्षं जातात. एक अनुभव, दुसरा अनुभव, एक दंगल, एक टोमणा. सुहैल हळूहळू कडवट होत जातो आणि ज्या भिंतींवर तो हसायचा त्याच भिंतींच्या आत जाऊन बसतो.

मी ही कादंबरी पुण्यात भाड्याच्या घरात बसून वाचली. ते घर मिळण्याआधी किती फोन केले होते ते आठवलं. सगळं ठरत यायचं, मग समोरचा नाव विचारायचा. नाव सांगितल्यावर दोन सेकंद शांतता. 'बघून सांगतो.' त्या दोन सेकंदांत सुहैल तयार होतो. मी त्याला नीट ओळखतो, कारण माझ्या मित्रांत तो आहे, आणि कधी कधी रात्री माझ्यातही येऊन बसतो. एहतेशाम यांनी त्याला दोषही दिला नाही आणि माफही केलं नाही. शेजारी त्याच घरात वाढलेली, तेच टोमणे ऐकलेली रशीदा उभी केली. दुखावली तीही आहे. फक्त तिनं आपल्या दुखण्याचा किल्ला बांधलेला नाही. तरुण दोस्तांनो, आपल्यासमोर रोज हे दोन रस्ते असतात. कुणीतरी 1986 मध्येच त्यांचा नकाशा काढून ठेवला होता.

आता शेवटची, राही मासूम रजा यांची 'आधा गाँव'. 1966 ची. टीव्हीवरच्या 'महाभारता'चे संवाद लिहिणारे तेच राही मासूम रजा. गाव गाझीपूर जिल्ह्यातलं गंगौली, त्यांचं स्वतःचं. तिथले शिया सय्यद, त्यांचा मोहर्रम, त्यांची भांडणं, प्रेमं आणि शिव्या. भोजपुरी मिसळलेली भाषा सुरुवातीला जड जाते. पन्नास पानं सोसा, मग कान सरावतो. पाकिस्तानचा प्रचार करायला अलीगढचे विद्यार्थी गावात येतात, आणि गावकऱ्यांना कळतच नाही, की आपलं गाव, आपली शेतं, आपल्या कबरी सोडून कुठेतरी जायचं म्हणजे नेमकं काय.

त्यात फुन्नन मियाँ आहेत. दांडगट, अडाणी म्हणावेत असे. त्यांचा मुलगा मुम्ताज 1942 च्या आंदोलनात पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जमावात असतो आणि गोळीनं मरतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर शहीदांची आठवण म्हणून समारंभ होतो. पुढारी भाषण करतात, हुतात्म्यांची नावं घेतात. मुम्ताजचं नाव घेत नाहीत. बाप समोर बसलेला आहे. एवढंच आहे. पण या प्रसंगानंतर मी पुस्तक पुढे वाचू शकलो नाही, दुसऱ्या दिवशी उघडलं.

का, ते सांगतो. आपण मराठवाड्याचे. दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, शाळेत असताना मीही झेंडावंदनाला उभा राहिलो आहे. भाषणात रझाकार हा शब्द आला की वर्गातली दोन-चार पोरं माझ्याकडे बघायची. रझाकारांनी अत्याचार केले, हे खरं आहे. ते झाकायचं काहीच कारण नाही, आणि झाकलं तर आपण आपल्या शेजाऱ्यांच्या दुःखाशी खोटं वागू. पण त्याच काळात हैदराबादला 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवणारा शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक होता. संस्थानानं भारतात सामील व्हावं असं त्यानं लिहिलं, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये, पोलीस कारवाईच्या तीन आठवडे आधी, त्याचा खून झाला. मुसलमान होता. आपल्या झेंडावंदनाच्या भाषणात त्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. तो आपला मुम्ताज आहे.

आणि तिसरी गोष्ट. 13 ते 17 सप्टेंबरची कारवाई झाल्यावर खेड्यापाड्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाला सरकारनंच पाठवलं होतं. त्यांच्या अहवालानं मेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला, आणि सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सांगितले. नांदेड म्हणजे आपला शेजार. त्याच अहवालात हेही आहे, की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं. आपल्या घरांत मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे, 'पोलिस अ‍ॅक्शन'. म्हातारी माणसं तो शब्द उच्चारतात आणि विषय बदलतात. 'घर की बात घर में' याचा याहून मोठा नमुना कुठे मिळेल? पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून घरातल्या घरातसुद्धा ती बोललो नाही.

रझाकार, शोएबुल्ला खान आणि सूडात मेलेला साधा शेतकरी किंवा अत्तार, ही तिन्ही माणसं एका भाषणात मावत नाहीत. भाषणाला बाजू घ्यावी लागते. बातमीत तर नाहीच मावत. एका कादंबरीत मात्र ती एकाच घरातली, एकाच दस्तरखानावर जेवणारी माणसं असू शकतात. दलवाईंनी आणि राहींनी आपापल्या गावाबद्दल हेच केलं.

आता मघाचा प्रश्न. ती मुलगी, जिला आपण 'कशाला लिहिलंस' म्हणतो, तिनं काय करावं? माझं उत्तर असं आहे. लक्तरं वेशीवर आधीच टांगलेली आहेत. टांगणारे दुसरेच आहेत, आणि त्यांना हे कपडे कुणाचे, कसे फाटले, याची काही माहिती नाही. आपण गप्प बसल्यानं ती खाली उतरत नाहीत. घरातल्या माणसानं सांगितलं की त्या चिंध्यांचे पुन्हा कपडे होतात. हा सदरा माझ्या वडिलांचा, तो इथे झटापटीत फाटला, ही ओढणी फुफूची, ती तिनं स्वतःच फाडली. सहाही लेखकांनी असं आतून सांगितलं, स्वतःच्या घराला त्यातून सूट दिली नाही, आणि वाईट वागणाऱ्यालाही त्याचं म्हणणं मांडू दिलं. म्हणून त्यांची पानं कापून व्हॉट्सअ‍ॅपवर वापरता येत नाहीत. महंमद खानाचा हट्ट कापून काढाल, पण त्याचा पस्तावा बरोबर येतोच. तीनशे पानांचा फॉरवर्ड होत नाही.

आपल्या पाथरीकडे बघा. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचं घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं होतं, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला. साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही यावर जानेवारी 2020 मध्ये केवढं रान पेटलं, 19 तारखेला शिर्डी बंद होती, आणि आठवडाभर सगळे चॅनेल पाथरीबद्दल बोलत होते. पाथरीची माणसं मात्र त्यात फारशी बोलताना दिसली नाहीत. कुणाचा कोण, हा प्रश्न ज्या गावाच्या मातीतच आहे, ते गाव कादंबरीला किती पुरेल! याच जिल्ह्यात, सातोन्याला बी. रघुनाथ जन्मले. निजामाच्या राज्यात परभणीला सरकारी कारकुनी करत करत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. आज परभणीतच राहून लिहिणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे मोठं लिहायला पुण्या-मुंबईत जन्मावं लागतं, हेही खरं नाही.

तुम्ही सगळ्यांनी कादंबरी लिहा असं मी सांगत नाही. मी स्वतः लिहू शकेन असंही वाटत नाही. पण दोन कामं आपल्या हातातली आहेत.

एक, वाचा, आणि एकट्यानं वाचू नका. 'इंधन'पासून सुरुवात करा, ती मराठीत आहे आणि लहान आहे. मग 'सूखा बरगद'. चार-पाच जणांनी मिळून एक प्रत घेतली तरी चालेल. मुलं आणि मुली दोघंही त्या चार-पाच जणांत असू द्या. नादिराबद्दल फक्त पोरांनी चर्चा करणं म्हणजे पुन्हा तेच.

दोन, घरात ऐंशी पार केलेलं जे कुणी असेल, त्यांच्याजवळ बसा. लगेच मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू करू नका, ते गप्प होतील. आधी बसा. त्यांच्या आई-वडिलांबद्दल विचारा, जुनं घर कुठे होतं ते विचारा, शेजारी कोण राहायचं ते विचारा. 'पोलिस अ‍ॅक्शन' हा शब्द आला आणि त्यांनी विषय बदलला, तर त्या दिवशी तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. आपली दखनी अशुद्ध आहे म्हणून ती सुधारत बसू नका. राहींनी गंगौलीची बोली सुधारली असती, तर फुन्नन मियाँ जिवंत झाले नसते.

ही माणसं आता थोडी उरली आहेत. पुढच्या शबे-बरातला यातली काही नावं फातिहाच्या यादीत असतील. तेव्हा नावामागची गोष्ट आपल्याजवळ असावी, एवढंच मला वाटतं.

माझं बोलणं संपलं. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि ज्यांना दलवाईंवरून माझ्याशी भांडायचं आहे त्यांनी आधी हात वर करावा, म्हणजे चहा येईपर्यंत ते उरकून घेऊ.